गटारीच्या मुंडावळ्या

दिवाळी अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, तात्या, तुमच्या नोकरीवर लिहा. मी म्हणालो, लोक करंजी खात खात वाचणार, आणि मी गटारीवर लिहू? ते म्हणाले, लिहा. तेव्हा आता हातातली करंजी खाली ठेवा.

मी चौथी पास. इंदापुरात नगरपालिकेच्या गटारीवर सगळी उमर गेली, शेवटची बरीच वर्षं मुकादम होतो. कुठल्या साली काय झालं ते मला विचारू नका. मला गटारी आठवतात, सालं आठवत नाहीत. सांगतो ती गोष्ट नव्वदच्या पुढची. गावात एसटीडीचे पिवळे बूथ नुकते निघाले होते आणि हायवेच्या अंगाला गॅरेजं वाढत होती, एवढ्यावर समजून घ्या.

गटारी दोन जातीच्या असतात. एक घरातलं सांडपाणी नेणारी. ती बारा महिने वाहते, बारा महिने वास मारते, म्हणून तिच्यावर सगळ्यांचं लक्ष. दुसरी पावसाळी. ती वर्षातले दहा महिने कोरडी पडलेली असते, दारू प्यालेला गडी तिच्यात झोपतोसुद्धा. तिच्याकडं कुणी बघत नाही. लोकांना वाटतं, पावसाचं पाणी म्हणजे देवाचं पाणी. आभाळातून खाली येईस्तोवर ते देवाचं. डांबरावर पडलं की आमचं.

रस्त्यावर काय काय साचतं ते बघा. गाड्यांचं गळालेलं आईल, टायरची काळी भुकटी, बाजारातला पाला, शेण, पानाच्या पिचकाऱ्या. पाऊस आला की हे सगळं पहिल्या घटकाभरात धुऊन निघतं. धुणं धुताना पहिलं पाणी काळं निघतं आणि खळबळताना निवळ निघतं, तसंच हे. म्हणून पावसाळी गटारीचं शहाणपण एवढंच, की पहिलं पाणी अडवा, त्यातली घाण काढून घ्या, मागचं खुशाल जाऊ द्या. हे मला कुठल्या साहेबानं शिकवलं नाही. हौसानं शिकवलं.

हौसा माझी बायको. गेल्या माघात गेली.

आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठी. चाळीसेक उंबरे. नळाला पाणी आलं तर आलं, नाहीतर ओढ्याला लागून वस्तीची विहीर; ओढा भरला की त्याचं पाणी तिच्यात उतरतं. ती विहीर दुष्काळात वस्तीनं हातानं खोदली. तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हौसानं डोक्यावर मुरूम वाहिला. तळाला पाणी लागलं तेव्हा खाली जी चार माणसं होती त्यात ती होती. पहिली ओंजळ तिनं प्यायली, गढूळ. वर आली तर मिशा आल्यासारखा ओठावर चिखल. वस्ती हसली आणि ही पण हसली.

आमच्याकडं मृगाचा पाऊस नावाला. खरा पडतो तो उत्तरा आणि हस्त ह्या दोन नक्षत्रांत. त्या वर्षी गौरी-गणपतीच्या आधीच एक जोराची सर येऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी हिनं चहा दिला. कप तोंडाला लावला तर रॉकेलचा वास. मी तोंडाचा फटकळ, आजही आहे. कप मोरीत ओतला आणि नाही नाही ते बोललो. इतकी वर्षं संसार करून स्टोचं रॉकेल हाताला लागलं तर हात धुवावा एवढी अक्कल नाही का, असं म्हणालो. चार बाया दारात होत्या, त्यांच्यासमोर म्हणालो.

ती उठली, विहिरीवर गेली, बादली शेंदून आणली आणि माझ्या पायाशी ठेवली. पाण्यावर मोराच्या पिसासारखा तवंग फिरत होता.

"आता हात कुणी धुवायचा?" एवढंच म्हणाली.

मी पायताण घातलं आणि गटारीच्या कडंनं उलटा वर चालत गेलो. तवंग कुठून येतो हे शोधायला हुशारी लागत नाही. ओढ्यात ज्या चरातून पाणी पडत होतं तो चर काळा झाला होता, आणि चराचं दुसरं टोक गॅरेजांच्या मागं होतं. तिथं पोचलो आणि थांबलो. कारण तो चर मीच खणला होता.

तिथं पूर्वी एक खोलगट जागा होती. रस्त्याचं आणि गॅरेजांचं सगळं पावसाचं पाणी आधी त्या खोलगटात तुंबायचं. त्यात लव्हाळा आणि पाणकणीस माजलं होतं. डास होतात म्हणून वरच्या आळीचे अर्ज आले. त्याच उन्हाळ्यात मी गडी लावले, सगळा लव्हाळा मुळासकट उपटला आणि पाणी सरळ ओढ्याला लावून दिलं. जागा अशी स्वच्छ झाली की तिथं जेवायला बसावं. पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली मला नारळ मिळाला. तो नारळ हिनं गुळाबरोबर वस्तीत वाटला. आता ध्यानात आलं की ते गवतच सगळ्या गावाचं आईल धरून बसलं होतं. मी सफाई केली ती वस्तीच्या पाण्याची.

घरी येऊन हिला सांगितलं, ते खाली मान घालून. तिनं विचारलं, "तिथला लव्हाळा कुणी काढला?" म्हणालो, मी. "मग लावणार कोण?" म्हणाली.

पण तेवढ्यात बातमी हापिसात पोचली होती. आमचे इंजिनेर साहेब वयानं तरणे, रोज बारामतीहून मोटारसायकलवर यायचे. माणूस सरळ. त्यांनी बादली बघितली, बोट बुडवून वास घेतला आणि म्हणाले, विहीर बुजवावी लागेल. वस्तीला टँकर देऊ. आईल वेगळं काढायची सिमेंटची टाकी बांधता येते, पण तिची मंजुरी यायला वर्ष-दोन वर्षं जातील, तोवर लोकांना हे पाणी पाजणार नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं. बाया रडायला लागल्या. हौसा रडली नाही. तिनं साहेबांना विचारलं की एका नक्षत्राची सवड मिळेल का. साहेबांनी नक्षत्र कॅलेंडरात बघितलं. मग म्हणाले, हस्ताचा मोठा पाऊस होऊ दे, दुसऱ्या दिवशी येतो. बादलीत तवंग दिसला तर त्याच दिवशी मुरमाचा ट्रॅक्टर लावीन. तोवर प्यायला टँकर.

म्हणजे आमच्या हातात वीस-पंचवीस दिवस.

त्या दिवशी दुपारी ही त्याच बादलीपुढं बसली होती. हिचं माहेर कळसचं. भावाची तेव्हा अजून पन्नास-साठ मेंढरं होती. मेंढराच्या पोटाखालची, पायांची तोकडी लोकर घोंगडीला चालत नाही, ती टाकून देतात. ही ती पोत्यात भरून आणायची आणि उशा भरायची. त्यातला एक पुंजका तिनं घेतला, न धुता, मेंढराच्या चिकटासकट, आणि पाण्यावरून हलकेच फिरवला. पुंजका काळा झाला. पाणी निवळ दिसायला लागलं. मग धोतराची चिंधी फिरवून बघितली. चिंधीनं पाणीच पिऊन घेतलं, तवंग तिथंच.

ती म्हणाली, "मेंढरू पावसात भिजतंय का कवा? पानी झटकून मोकळं. पर गाडीच्या आसाला घासलं की वंगणाचा डाग कातरणीपतूर निघत न्हाय. तुमी धनगराचंच हाय न्हवं?"

मी धनगराचाच. पण बापानं मेंढरं विकली तेव्हा मी दुसरीत होतो. मला मेंढरातलं ठाऊक होतं ते एवढंच, की ते चावत नाही.

दुसऱ्या दिवशी मी लोकरीची पोती उचलली. कांद्याच्या जाळीदार गोण्या घेतल्या, त्यात लोकर पायानं दाबून दाबून भरली आणि चराच्या तोंडाला रस्त्याखालच्या मोरीत घट्ट बसवल्या. जितकी जास्त तितकं आईल जास्त धरणार, हा माझा हिशेब. हिला विचारलं नाही. मुकादम मी होतो.

उत्तरा लागलं आणि चौथ्या दिवशी दुपारी पाऊस आला. अर्धा तास ठीक चाललं. मग मोरी तुंबली. पाणी उलटं फिरलं आणि गॅरेजांत शिरलं. दत्तू मिस्त्रीच्या गॅरेजात टायरी तरंगायला लागल्या, आणि मिस्त्री जीपच्या बॉनेटवर उभा राहून मला हाका मारत होता. तात्या, तुमचं मेंढरू गटारीत अडकलंय, दूध काढताय का आता, असं म्हणत होता. सगळा रस्ता हसत होता. मी पहार घेऊन मोरीत उतरलो. गोणी उपसायला गेलो तर लोकर कुठं राहिली होती? आत दगड झाला होता. पहारीनं फोडावा लागला.

साहेबांनी बोलावून घेतलं. ओरडले नाहीत, पण म्हणाले, दिलेली सवड मोडत नाही, पण आता टाकीचंच बघू. मी घरी आलो आणि सगळा राग हिच्यावर काढला. तुझ्या मेंढरांनी माझी नोकरी खाल्ली, असं काहीतरी बोललो.

तिनं तो दगड झालेला तुकडा हातात घेतला, दाबून बघितला आणि हसायला लागली. डोळ्याला पदर लावून हसत होती. म्हणाली, "अवं, घोंगडं कसं घट्ट करत्यात? पान्यात घालून तुडवून तुडवून. तुमी तर गटारीतच घोंगडं केलं."

लोकर पाण्यात दाबली, हलली की एकमेकीला धरते आणि घट्ट होते. धनगराच्या शेंबड्या पोराला हे ठाऊक असतं. तिला विचारलं असतं तर मिस्त्रीच्या टायरी तरंगल्या नसत्या.

मग तिनं लोकर कातायची चाती काढली. रोज स्वयंपाक आटोपला की ओसरीवर बसायची आणि लोकर कातायची. घोंगडीचं बारीक सूत नाही, तर बोटाएवढे जाड दोर. पीळ अगदी सैल, आणि खालची टोकं पिंजारून मोकळी ठेवलेली. हात-हात लांबीचे असे दोर तिनं बांबूला जवळजवळ बांधले. बांबू चरावर आडवा टाकला की दोर पाण्यात लोंबायचे. पाणी त्यांच्यामधून वाट काढून जायचं, आईल दोराला धरायचं. असे तीन बांबू, दोन-दोन हातांवर. त्यांच्या वरच्या अंगाला मी गाळ बसायला एक खड्डा काढला आणि त्याच्याही वर बाभळीच्या फांद्या रोवल्या, म्हणजे पाला, पिशव्या तिथंच अडतील. नगरपालिकेकडं एक पैसा मागितला नाही. मागायचं तोंडच नव्हतं.

मिस्त्रीनं बांबू बघितले आणि म्हणाला, "तात्या, गटारीला मुंडावळ्या बांधल्या? नवरदेव कोण?"

"तूच हाय," हौसा म्हणाली. "सगळं तुज्याच मांडवातनं येतंय."

राहिलं त्या खोलगटातलं गवत. लव्हाळा ओढ्याला मिळाला, पण पाणकणसाचे मोठे गड्डे पाहिजे होते. ते उजनी धरणाच्या पाण्याच्या कडंला भरपूर. तेव्हा आम्ही दोघं एसटीनं पळसदेवला गेलो. लग्नानंतर दोघंच कुठं गेलो असं ते दुसऱ्यांदा असेल. गुडघाभर पाण्यात उभं राहून मी गड्डे उपटत होतो, ही पोत्यात भरत होती, लुगड्याचा काष्टा वर खोवलेला. मधेच थांबून तिनं पाण्याकडं तोंड करून हात जोडले. मी विचारलं, कुणाला? म्हणाली, देवळाला. मी म्हणालो, देऊळ पाण्याखाली आहे, दिसतंय कुठं? तर म्हणाली, "दिसत न्हाय म्हून काय झालं? उन्हाळ्यात येतंय की वर." आणि पुन्हा पोतं धरून उभी राहिली.

परतीच्या गाडीत पोत्यातलं पाणी सीटखालून वाहत पुढं ड्रायव्हरपर्यंत गेलं. कंडक्टर खवळला. मामा, हा ऊस हाय का, कारखाना तिकडं राहिला म्हणाला. मी तोंड उघडायच्या आत हौसा म्हणाली, "लेक सासरी निघालीया, बाबा. डोळ्याला पानी येनारच." सगळी गाडी हसली. कंडक्टर पण. पोत्यांचं तिकीट फाडलं नाही.

त्या प्रवासात तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोप काढली. हातापायाला चिखल वाळलेला. मला वाटलं तिला काहीतरी बोलावं, त्या चहाबद्दल. पण झोपेतनं उठवायला नको वाटलं. आणि उठल्यावर गाव आलं होतं.

आता खरी गोष्ट. दोर झाले, गवत लागलं, पण गॅरेजवाले गाडीचं जळकं आईल बदलताना डबाभर आईल सरळ गटारीत ओतायचे. तेवढं आईल दहा मेंढरांची लोकर पण धरणार नाही. मी दम देऊन बघितला, काही झालं नाही. आमची रीत अशी की दारात माणूस आला तर आधी पाणी द्यायचं. हौसा एके दिवशी ही रीत उलटी करून तांब्या-भांडं घेऊन गॅरेजात गेली. विहिरीतलं पाणी तांब्यात. मिस्त्री गाडीखालून बाहेर आला, तर तिनं भांडं भरून पुढं केलं.

"घे बाबा, पानी. तुज्याच घरचं हाय."

मिस्त्रीनं भांडं हातात घेतलं. तोंडाशी नेलं आणि थांबला. भांड्यात तवंग फिरत होता. पाहुण्यानं दिलेलं पाणी पिता येईना, आणि मावशीच्या तोंडासमोर फेकता पण येईना. तसाच धरून उभा राहिला. हौसानं घाई केली नाही. शेवटी भांडं त्यानं हळूच फळीवर ठेवलं आणि मान खाली घालून म्हणाला, "मावशे, डबा ठेवतो." त्यानं ठेवला, आणि शेजारच्यांना पण ठेवायला लावला. ते भांडं त्यानं परत दिलं नाही. पुढं कित्येक वर्षं फळीवर होतं.

हस्ताचा पाऊस दुपारी तीनला आला. असा की समोरचा माणूस दिसेना. मी पोत्याची खोळ घेऊन चरावर उभा. बाभळीच्या फांद्यांनी पाला धरला. पहिलं पाणी काळं कुळकुळीत आलं. पांढरे-करडे दोर बघता बघता काळे पडले. पाणी तुंबलं नाही. पाणकणीस आडवं पडलं आणि पुन्हा उठलं. मागं वळलो तर हौसा, भिजून चिंब. घरी जा म्हणालो. जागची हलली नाही. जिथून पाणी ओढ्यात पडत होतं तिथं तिची नजर होती.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. मागं मुरमाचा ट्रॅक्टर. सगळी वस्ती विहिरीवर. साहेब म्हणाले, शेंदा. मी पुढं झालो तर हौसानं दोर माझ्या हातातून घेतला. बादली वर आली. साहेब वाकले. मी पण वाकलो. पाण्यावर तवंग होता. रुपयाएवढा, कडंला चिकटलेला.

ट्रॅक्टरचं इंजिन चालूच होतं. हौसा म्हणाली, "साहेब, ही विहीर आमी खणली तवा पयलं पानी गढूळच आलं हुतं. बुजवली न्हाय."

साहेबांनी पुन्हा बोट बुडवून वास घेतला. मग ड्रायव्हरला म्हणाले, इंजिन बंद कर. आणि आम्हाला म्हणाले, आठ दिवसांनी पुन्हा बघतो. तोवर कुणी पिऊ नका.

त्या आठ दिवसांत वस्तीनं विहीर पाळीपाळीनं उपसली. दोर मी काढून पिळले. डबाभर वंगण निघालं, ते बैलगाडीवाल्यांनी आसांना नेलं. पिळलेले दोर पुन्हा टांगले. मधे एक लहान सरही पडली. आठव्या दिवशी बादलीत नुसतं आभाळ दिसत होतं. साहेबांनी बाटली भरून पुण्याला तपासायला पाठवली. तिचं उत्तर आलं की उकळून प्या. ते तर ते सगळ्याच पाण्याला सांगतात.

पुढं साहेबांची सिमेंटची टाकी पण झाली, चांगली झाली. पण तिच्या तोंडाला दोर टांगायचे त्यांनी चालूच ठेवले. मी निवृत्त होईस्तोवर दर उत्तरेच्या आधी हौसा नवे दोर कातायची. निरोपाच्या दिवशी मला शाल दिली. तात्यांची युक्ती म्हणून कुणी भाषण पण केलं. मी उठून म्हणायला पाहिजे होतं की युक्ती माझी नाही, मी तर लव्हाळा उपटणारा. नाही म्हणालो. माईकला घाबरलो म्हणा, नाहीतर शाल आवडली म्हणा. घरी येऊन ती शाल हिच्या खांद्यावर घातली. तिनं दोन बोटांत धरून चोळली आणि म्हणाली, "ह्यात लोकर न्हाय."

आज ते भाषण इथं पुरं करतो. युक्ती हौसाची.

आता घरात चोवीस तास नळ आहे. विहिरीवर कुणी येत नाही, जाळी बसवली आहे. जाळीला एक झडप आहे. रोज सकाळी मी तीतून एक कळशी शेंदतो. सून म्हणते, तात्या, पडाल. पडलो तर पडलो. पाणी उकळतो आणि चहा माझा मी करतो, गाळणी सापडत नाही म्हणून न गाळता. तोंडाला लावायच्या आधी वास घेतो. इतकी वर्षं झाली, तरी घेतो.

वास येत नाही. त्या सकाळी कप मोरीत ओतला होता. आता सगळा पितो, बुडाच्या गाळासकट.